बेटावरचे मडके आणि आधुनिक रचनाकला

विद्यार्थिमित्रहो, वैशाखाच्या उन्हातून घरी परतल्यावर आपला हात प्रथम कशाकडे जातो, हे आम्ही सांगावयास नको. ज्या घरी विजेवर चालणारे शीतकपाट आहे, त्या घरीही पुष्कळदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर एक माठ ठेवलेला असतो आणि घरातील वडील मंडळी त्यातीलच पाणी मागतात. ह्या माठाकडे आपण रोज पाहतो. परंतु नीट पाहतो काय? त्याचे पोट गोल का, गळा आखूड का, तळ सपाट का नाही, तो लाल का आणि त्याच्या अंगाला घाम का फुटतो, असे प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडले असतील? ज्या वस्तूंचा अतिपरिचय झाला, त्यांच्याविषयी विचार करण्याचे आपण सोडून देतो. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही ह्या साध्या भांड्याचाच पाठ घेण्याचे योजिले आहे. हा पाठ कुंभाराच्या चाकापाशी सुरू होईल आणि आधुनिक रचनाकलेच्या शाळेपर्यंत जाईल. पालकांनीही तो वाचावा अशी आमची विनंती आहे, कारण ह्या विषयातील पुष्कळसे ज्ञान पुस्तकांपेक्षा त्यांच्याच आठवणींत अधिक साठलेले आहे.

बेटे आणि खापरे

आपण ज्या भूमीवर राहतो ती मुळात बेटांची भूमी होय. दक्षिणेस मुंबईची सात बेटे, उत्तरेस साष्टीचे मोठे बेट आणि पूर्वेच्या अंगास तुर्भे बेट अशी येथील जुनी रचना होती. आपले देवनार, शेजारचे चेंबूर आणि मानखुर्द ही ह्या तुर्भ्याकडील गावे. खाड्या बुजल्या, बंधारे पडले, माहीमचा पूल १८४५ साली वाहतुकीस खुला झाला, पुढे आगगाडी आली, आणि आज आपण बेटावर राहतो ह्याची कोणास आठवणही उरली नाही. तथापि भरतीच्या वेळी खाडीकडे गेल्यास पाण्याची ती जुनी सत्ता अजून दृष्टीस पडते.

बेटावर राहणाऱ्यास सभोवार पाणीच पाणी. पण ते पिण्याचे नव्हे. गोडे पाणी विहिरीतून वा तळ्यातून आणावयाचे व जपून ठेवावयाचे. म्हणजे बेटावरील संसारात घागर, रांजण व माठ ह्यांस केवढे महत्त्व असले पाहिजे, हे सहज ध्यानात येईल. आपल्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ नावाचा विधी आहे. तिकडे हिंदू घरांत संक्रांतीस सुगडे पुजतात आणि दिवाळीस पणत्या लावतात. धर्म निराळे, रीती निराळ्या. परंतु पाण्याचे व प्रकाशाचे पात्र दोन्हींकडे मानाचे ठरले आहे.

मातीच्या भांड्यास आणखी एक मान आहे, तो इतिहाससंशोधकांनी दिलेला. कापड कुजते, लाकूड वाळवी खाते, तांबे वितळवून पुन्हा वापरतात; परंतु फुटलेले खापर कोणी उचलीत नाही आणि ते कुजतही नाही. म्हणून उत्खननात सर्वाधिक सापडते ते खापरच. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथे लाल अंगावर काळ्या रेषा काढलेली, तोटी असलेली जी सुबक भांडी मिळाली, त्यांवरून महाराष्ट्रातील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका संपूर्ण संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. राजे-महाराजांच्या नावे संस्कृती ओळखल्या जातात हे आपण वाचितो. येथे ती एका गावच्या मडक्यांवरून ओळखली जाते! पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन चालले होते. तेथे कुंभाराची भट्टीही मिळाली.

आपल्या बेटांकडे वळल्यास घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन धर्तीच्या उंच, दोन कानांच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. ह्या कुंभांतून मद्य व तेल जहाजावर लादून दूरदेशी नेत असत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मातीची भांडी आपल्या खाडीत परदेशाहून येत होती आणि येथील कुंभार ती पाहत असला पाहिजे. आज जहाजावर लोखंडी पेट्या चढतात, तेव्हा कुंभ चढत असत. निमुळता तळ, पकडीसाठी कान आणि बूच बसेल असे तोंड ही त्या कुंभाची घडण जहाजाच्या पोटात ओळीने रचण्यासाठीच योजिलेली होती. उपयोगातून आकार कसा जन्मतो ह्याचे हे पहिले उदाहरण आपण ध्यानात ठेवू.

कुंभारवाड्यातील एक सकाळ

गेल्या वर्षी वर्गातील काही मुलांसह आम्ही धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो होतो. देवनारहून तेथपर्यंतचे अंतर फार नाही. तेथील बहुतेक कुंभार कुटुंबे मूळची सौराष्ट्रातील. त्यांचे पूर्वज दुष्काळाला कंटाळून मुंबईस आले. प्रथम ते शहराच्या दक्षिण भागात राहिले, आणि त्या भागातील एका वस्तीस कुंभारवाडा हे नाव अद्यापि आहे. पुढे शहर वाढले, धुराचे लोकांस वावडे झाले, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत हे लोक धारावीस येऊन स्थिरावले. त्या वेळी ती शहराची वेस होती. आज ती शहराच्या मध्यावर आहे. कुंभार जागचा हलला नाही, शहरच त्याच्या अंगावरून पुढे गेले.

तेथील घरांची मांडणी पाहण्याजोगी आहे. रस्त्याच्या अंगास विक्रीची भांडी रचलेली, मध्ये राहण्याची व चाकाची जागा, आणि मागील अंगास भट्ट्यांचा मोकळा चौक. एका भट्टीचा उपयोग अनेक घरे वाटून घेतात. पुरुष चाकावर बसतो. माती मळणे, भांड्यास रंग देणे, वाळवणे व भट्टी रचणे ह्यांत घरातील स्त्रिया व मोठी मुले हात लावितात. घर, कारखाना व दुकान अशी तिन्ही एकाच छपराखाली नांदतात.

आमच्यातील एका मुलाने चाकावर बसलेल्या एका वृद्ध कारागिरास विचारले, “काका, तुम्ही दिवसाला किती पणत्या करता?” काकांनी हात न थांबविता उत्तर दिले, “किती केल्या ते विचारू नकोस, बाळा. भट्टीतून किती नीट निघाल्या ते विचार.” हे उत्तर ऐकून मुले हसली, पण परत येताना वाटेत त्यांच्या बोलण्यात तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. परीक्षेच्या दिवसांत तर ते आमच्या वर्गाचे बोधवाक्यच होऊन बसले.

मातीचे गुणधर्म

आता भांडे कसे बनते ते क्रमाने पाहू. माती म्हणजे केवळ धूळ नव्हे. चिकणमातीचे कण अत्यंत बारीक व चपटे असतात; त्यांच्यामध्ये पाणी शिरले म्हणजे ते एकमेकांवरून घसरतात, आणि म्हणून ओली माती हवा तो आकार घेते व टिकविते. आपल्याकडील काळी माती काळ्या पाषाणापासून बनलेली असून ती फार चिकट असते. ती वाळताना पुष्कळ आकसते व तडकते. खाडीच्या चिखलात मीठ असते. ते भांडे वाळल्यावर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने वर येते. म्हणून कुंभार हाताला लागेल ती माती घेत नाही. धारावीच्या कुंभारास तर माती शहराबाहेरून, गुजरातेतूनही, मागवावी लागते. ती भिजवून, खडे वेचून, पायांनी तुडवून तो एकजीव करतो. मडके तडकू नये म्हणून तीत राख, वाळू किंवा गावाकडे घोड्याची लीद मिसळतात. लीद भट्टीत जळून जाते व तिच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. ह्याच छिद्रांचे काम पुढे येणार आहे.

चाकावर भांड्याचे तोंड व गळा तयार होतो. परंतु मोठ्या माठाचे पोट चाकावर पुरे होत नाही. अर्धवट वाळलेल्या भांड्यात डाव्या हाताने दगडी गोटा धरावयाचा आणि उजव्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकावयाचे. ह्या ठोक्यांनी जाड भिंत पातळ होते, पोट फुगते आणि तळ गोल होतो. संत गोरा कुंभारांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्का व कोण कच्चा हे पारखिले, असे सांगतात. ‘कच्चे मडके’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत कुंभाराच्या घरातूनच आला. भाजलेले भांडे बोटाने वाजविले तर खणखणते, कच्चे किंवा तडकलेले असेल तर बद्द आवाज देते. आपल्या आया बाजारात माठ घेताना आजही हीच परीक्षा करितात.

वाळलेले भांडे भट्टीत जाते. प्रथम धिमा जाळ, कारण मातीत राहिलेल्या पाण्याची वाफ एकदम झाली तर भांडे फुटते. सुमारे ५०० ते ६०० अंश उष्णतेस मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. येथे मातीचा पुनर्जन्म होतो. ह्यानंतर ते भांडे कितीही भिजविले तरी पुन्हा चिखल होत नाही. आपली साधी तांबडी भांडी सुमारे ७०० ते १००० अंशांच्या दरम्यान भाजली जातात. चिनी मातीच्या भांड्यांस ह्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते व ती अच्छिद्र होतात. भट्टीत हवा मोकळी असली तर मातीतील लोहाचा गंज होऊन भांडे लाल होते. धूर कोंडला तर तेच भांडे काळे होते. लाल व काळी मडकी ही दोन निराळ्या मातींची नव्हेत, तर पुष्कळदा दोन निराळ्या जाळांची असतात.

ह्या ज्ञानाचा आम्हांस स्वतःलाही धडा मिळाला. शाळेत माती आणून मुलांनी कानाचे पेले केले आणि घाईने कडक उन्हात ठेविले. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे कान गळून पडले होते. कान पातळ असल्याने तो लवकर वाळून आकसला, पेला मागे राहिला, व जोड सुटला. सावलीत, ओल्या फडक्याखाली, सावकाश वाळविलेले पेले मात्र टिकले.

माठ पाणी थंड कसे करितो

माठाच्या छिद्रांतून पाणी किंचित झिरपते व बाहेरील हवेत त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती माठातील पाण्यातूनच घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची नेहमीच्या हवेत वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. आता गणित करून पाहा. माठात १० लिटर, म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी आहे. त्यातील १०० ग्रॅम पाण्याची वाफ झाली तर ५८,००० कॅलरी खर्च झाल्या. बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरिल्यास सर्व पाणी सुमारे ५.८ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरची थोडी उष्णता आत येतेच, म्हणून इतका फरक पडत नाही. तरी तत्त्व हेच.

ह्यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. नागपूरच्या माठातील पाणी मुंबईच्या माठाहून अधिक गार का असते? नागपूरची हवा कोरडी, तीत वाफ झपाट्याने सामावते. आपली हवा समुद्राच्या दमटपणाने आधीच भरलेली. पावसाळ्यात तर आपला माठ जवळजवळ कामच करीत नाही. म्हणजे माठ हे हवेशी संभाषण करणारे यंत्र आहे. त्यास चाव्या नाहीत, तारा नाहीत, आवाज नाही. माठास तेलरंग लावून सुशोभित करणारे लोक त्याची छिद्रे बुजवितात व मग पाणी गार होत नाही म्हणून कुंभारास दोष देतात!

परंपरा आणि आधुनिक रचनाकला

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. आधुनिक काळात वस्तू कशी असावी ह्याचा पद्धतशीर विचार करणारे एक शास्त्र उदयास आले आहे. त्यास आपण रचनाकला म्हणू. खुर्ची, दिवा, पेला किंवा आगगाडीचा डबा घडविण्यापूर्वी ती वस्तू कोण वापरणार, कशी धरणार, कशापासून बनविणार, किती किमतीस पडणार आणि मोडल्यावर तिचे काय होणार, ह्यांचा विचार रचनाकार करितो. अशा ह्या नव्या शास्त्रात जुन्या मडक्यास स्थान आहे काय?

मुंबईत ह्या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच दिले गेले होते. १८५७ साली स्थापन झालेल्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात तेथे मृत्पात्रकलेस उत्तेजन दिले. सिंध प्रांताच्या चकचकीत लेपाच्या भांड्यांची पद्धत त्यांनी येथे आणविली. त्याच सुमारास कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्या चित्रांतील आकृती व वेलबुट्ट्या ह्या भांड्यांवर उतरल्या. ह्या भांड्यांस परदेशात मोठी मागणी आली, आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात त्यांचे सुंदर नमुने आहेत. पालकांनी मुलांना ते अवश्य दाखवावे. तथापि एक विचार मनात येतो. ती भांडी दिवाणखान्यात ठेवण्याची होती. पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीत त्यांमुळे काही सुधारणा झाली नाही. जुन्याची नक्षी उचलणे हा परंपरेचा एक उपयोग खरा. पण तो सर्वांत सोपा व सर्वांत वरवरचा होय.

दुसरे उत्तर जपानातून आले. जपान हाही बेटांचाच देश. तेथे यानागी सोएत्सु नामक विचारवंताने १९२५ च्या सुमारास आपले मित्र हामादा शोजी व कावाई कान्जिरो ह्या कुंभारांसह असे प्रतिपादन सुरू केले की, नाव न सांगणाऱ्या साध्या कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या भांड्यांतच खरे सौंदर्य असते. १९३६ साली टोकियो येथे त्यांनी लोककलेचे संग्रहालय उघडिले. क्यूशू बेटावरील ओन्ता ह्या लहानशा गावास यानागी १९३१ साली गेले. त्या गावी मोजकी कुंभार कुटुंबे आहेत; ओढ्याच्या पाण्यावर चालणारी मोठी लाकडी मुसळे तेथे रात्रंदिवस माती कुटीत असतात आणि भांड्यावर कोणी स्वतःचे नाव घालीत नाही. ते गाव आजही ह्याच पद्धतीने काम करिते. पुढे यानागींचा पुत्र सोरी यानागी हा यंत्रयुगातील नामांकित रचनाकार झाला. खुर्च्या, किटल्या, चमचे अशा कारखान्यात बनणाऱ्या वस्तू त्याने घडविल्या. पित्याने मडक्यात जे पाहिले, ते पुत्राने पोलादात उतरविले. ह्याच मंडळींच्या सहवासात तरुणपणी राहिलेले सरदार गुरचरण सिंग ह्यांनी हिंदुस्थानात परतून पुढे १९५२ साली दिल्लीस आपली प्रसिद्ध भट्टी उभारिली.

तिसरे उत्तर तर एका लोट्याने दिले आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील रचनाकार चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य आपल्या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. ह्या देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांस सर्वांत मोठे आश्चर्य कशाचे वाटले असेल? ताजमहालाचे नव्हे, राजवाड्यातील रत्नांचेही नव्हे. तर आपल्या घरोघरच्या लोट्याचे! तो किती पाणी धरितो, भरलेला असता व रिता असता त्याचा तोल कसा राहतो, हातात, कडेवर वा डोक्यावर कसा बसतो, त्यातून धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, त्याची किंमत किती, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात सामावली आहेत हे त्यांनी दाखवून दिले. हा आकार कोणा एकाने एका दिवसात काढलेला नाही. पिढ्यांमागून पिढ्यांनी तो किंचित किंचित सुधारीत आणिला. ह्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय रचनासंस्था निघाली, आणि १९६९ साली आपल्या पवईच्या तंत्रशिक्षणसंस्थेत रचनाकलेचे केंद्र सुरू झाले. रचनाकलेच्या ह्या देशी शाळांच्या दारात एक लोटा उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आज ह्या मार्गाने चाललेल्या लोकांची उदाहरणे आहेत. गुजरातेतील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती ह्यांनी २००१ सालच्या भूकंपानंतर मातीचे शीतकपाट तयार करण्याचे मनावर घेतले व ते सिद्धीस नेले. वरच्या कप्प्यातील पाणी भिंतींतून झिरपते, त्याची वाफ होते, आणि खालच्या कप्प्यातील भाजी विजेवाचून ताजी राहते. माठाचे तत्त्व तेच; केवळ आकार नव्या गरजेस जुळविला. दिल्लीजवळ एका कारखान्यात मातीच्या शेकडो नळकांड्या मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे रचून, त्यांवर पाणी सोडून गरम हवा थंड करण्याचा प्रयोगही यशस्वी झाला आहे.

खरी अडचण कोठे आहे

परंतु मातीच्या वस्तू चांगल्या, तेव्हा सर्वांनी त्या वापराव्या, एवढे म्हणून भागत नाही. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव ह्यांनी स्थानकांवर चहा मातीच्या कुल्हडांतून द्यावा असे ठरविले. हेतू चांगला होता. परंतु फुटणे, वाहतुकीचा खर्च आणि पुरेसा माल वेळेवर न मिळणे ह्यांमुळे कागदाचे व प्लास्टिकचे पेलेच पुन्हा वरचढ झाले. शिवाय एकदा चहा पिऊन फेकावयाच्या पेल्यासाठी किती सरपण जाळावे, हाही विचार केला पाहिजे. आणि कुल्हड मातीत मिसळून जातो असे जे म्हणतात, तेही पूर्णपणे खरे नव्हे. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही हे आपण वर पाहिलेच; तसे असते तर जोर्व्याची खापरे आपणांस मिळालीच नसती. खापर निरुपद्रवी असते, एवढे मात्र खरे, आणि प्लास्टिकविषयी तेवढेही म्हणता येत नाही.

ही गोष्ट देवनारच्या मुलांस निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा आपल्या गावाच्या सीमेवर येऊन पडला आहे, आणि त्याचे डोंगर आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत. वस्तू मोडल्यावर तिचे काय होते, हा रचनाकाराचा शेवटचा प्रश्न आपल्या दाराशी उत्तर होऊन उभा आहे.

कुंभारवाड्यापुढेही मोठा प्रश्न आहे. तेथील भट्ट्यांत चिंध्या, कापसाचा कचरा व लाकडाचा भुसा जाळतात. त्या धुराने डोळे चुरचुरतात, छाती भरते, आणि त्याचा पहिला त्रास कुंभाराच्याच मुलांस होतो. ह्याकडे काणाडोळा करून परंपरेचे पोवाडे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. दुसरीकडे, धारावीच्या पुनर्विकासाची योजना हाती घेण्यात आली असून, देवनारच्या कचराभूमीची सुमारे १२४ एकर जागा त्यासाठी देण्याचे राज्य सरकारने २०२४ साली ठरविले. म्हणजे आज ना उद्या धारावीतील काही कुटुंबे आपले शेजारी होतील. त्यांत कोणी कुंभार असतील काय, हे आज सांगता येत नाही. परंतु कुंभारास केवळ खोली देऊन भागत नाही. चाकास जागा, माती भिजविण्यास हौद, भांडी वाळविण्यास अंगण आणि भट्टीस चौक लागतो. उंच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर रांजण कोठे भाजावयाचा? कमी धुराची, वायूवर वा विजेवर चालणारी सामाईक भट्टी कशी असावी, तिचा खर्च गरीब कुटुंबास कसा परवडावा, राहण्याची व कामाची जागा पुन्हा एकत्र कशी आणावी, हे प्रश्न अद्यापि सुटावयाचे आहेत. आमच्या मते आजच्या रचनाकारांपुढील खरा धडा हाच आहे. भांड्याचा आकार कुंभारास शिकविण्याची आवश्यकता फारशी नाही. त्याच्या भोवतालचे जग त्याच्या आकाराचे करणे हेच कठीण काम आहे.

उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, चांगला आकार उपयोगातून जन्मतो; शोभा त्याच्या मागून येते. दुसरी, जो पदार्थ हाती आहे त्याचा स्वभाव ओळखून त्याकडून काम घ्यावे. मातीने घाम गाळावा व तिच्याकडून पोलादाची अपेक्षा करू नये. तिसरी, वस्तूची कदर करणे आणि वस्तू घडविणाऱ्याची कदर करणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. माठ दिवाणखान्यात मांडून कुंभारास रस्त्यावर आणणारा समाज रसिक म्हणविला जाणार नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी रचनाकार, कोणी नगररचनेच्या कचेरीत बसेल. त्यांच्या मेजावर एखाद्या दिवशी कुंभारवाड्याचा नकाशा आला, तर त्या चौकोनांत चाक कोठे फिरते आणि धूर कोणाच्या छातीत जातो, हे त्यांनी आठवावे. तेवढे झाले तर हा पाठ लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

अभ्यासासाठी

१. एका माठात व तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या भांड्यात सारखे पाणी भरा. तीन तासांनी दोन्हींची उष्णता व वजन मोजा. उन्हाळ्यात व पावसाळ्यात हा प्रयोग करून फरकाचे कारण लिहा.

२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मातीच्या भांड्यांची नावे गोळा करा: रांजण, डेरा, घागर, परळ, गाडगे, बोळके, झाकणी इत्यादी. प्रत्येकाचा उपयोग व आकार ह्यांचा संबंध दाखवा.

३. आपल्या घरातील कोणतीही एक वस्तू निवडा. ती कोण वापरतो, कशी धरतो, कशाची बनली आहे आणि मोडल्यावर तिचे काय होते, ह्यांची उत्तरे दहा ओळींत लिहा.

४. चार कुंभार कुटुंबांसाठी घर, चाक, वाळवण व सामाईक भट्टी ह्यांची सोय असलेला आराखडा काढा. धूर कोठून बाहेर जाईल हे दाखविण्यास विसरू नका.